चार विसा म्हणजे ऐंशी

विदर्भातल्या लोहाऱ्यातल्या एखाद्या आजीला वय विचारलं आणि तिनं विसांच्या हिशेबात ‘चार विसा’ सांगितलं, तर आपण हसू. जुनी माणसं, जुनं मोजणं. पण पॅरिसचा माणूस आजही ऐंशीला ‘कात्र-व्हँ’ म्हणतो. कात्र म्हणजे चार, व्हँ म्हणजे वीस. आजीचंच गणित! सत्त्याण्णव तर त्याहून गमतीचं: चार विसा, वर दहा-सात. पॅरिसात डोळ्यांचं एक रुग्णालय आहे, त्याचं नावच ‘पंधरा विसा’. नवव्या लुई राजानं १२६०च्या सुमारास ते तीनशे अंधांसाठी काढलं.

विदर्भातल्या फ्रेंचच्या शिक्षकाला हे उदाहरण आयतं मिळतं. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेदही फ्रेंचमध्ये आहे, निर्जीव वस्तूंना लिंगही आहे. इंग्रजीतून शिकवायला गेलं की नेमकं हेच अवघड होऊन बसतं. आपल्याकडे पुष्कळ मुलं फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी. मराठीतून गेलं तर ती भाषेसाठीही राहतील, असं मला वाटतं.

अडचण एकच. गणिताच्या मास्तरला स्टाफरूममध्ये दुसरा गणितवाला भेटतो, फ्रेंचच्या बाईंना बहुधा कुणीच नाही. बोलायचं कुणाशी, चुकलं तर सांगणार कोण? म्हणून जगभर या शिक्षकांनी संघटना बांधल्या. भारतातही ‘इंडियन असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ फ्रेंच’ आहे. १९६९ साली अशा संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. १९६१पासून निघणारं ‘ल फ्रांसे दां ल मोंद’ हे शिक्षकांचं नियतकालिक आज या महासंघाचं मुखपत्र आहे. महासंघाची जागतिक अधिवेशनंही भरतात: २०१६ला बेल्जियममधल्या लिएजला, २०२५ला फ्रान्समधल्या बेझांसोंला.

आणि या गोतावळ्यात सगळे एकसारखं मोजतही नाहीत! बेल्जियमचा शिक्षक नव्वदला सरळ ‘नोनांत’ म्हणतो, स्वित्झर्लंडच्या काही भागांत ऐंशीला ‘विसा’ लागतच नाहीत. मग वर्गात कुठलं फ्रेंच शिकवायचं? असा प्रश्न एकट्यानं नाही सुटत.

२०१९पासून नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हा फ्रेंच शिक्षकांचा जागतिक दिवस आहे. तुमच्या ओळखीत अशा कुणी बाई असतील, तर त्या दिवशी त्यांना फोन करा, आणि आपल्या आजीचं वय विसांत मोजून सांगा.