रात्री पाणी भरायला जाताना अंगात काय घालावं? जाड कपड्यापेक्षा कोरडा कपडा महत्त्वाचा

डिसेंबर लागला की निफाडचा पारा राज्याच्या बातम्यांत येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी सकाळी मोबाईलवर फिरतो आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. मणी तडकू नयेत म्हणून एवढी धावपळ होते. पण त्याच रात्री गहू-कांद्याला पाणी द्यायला निघालेला माणूस मात्र एक जुना स्वेटर आणि गळ्यात उपरणं एवढ्यावरच बांधावर उभा असतो. लाईट रात्रीची असेल तर पाणीही रात्रीच भरावं लागतं. ते कधी बदलेल तेव्हा बदलेल, तोपर्यंत अंगात काय घालायचं हे तरी आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट, कपड्यात स्वतःची ऊब नसते. ऊब आपल्या अंगाची असते. कपड्याचं काम एवढंच, की अंगाभोवतीची गरम झालेली हवा धरून ठेवायची. म्हणून एकच जाडजूड जर्किन घालण्यापेक्षा आत बनियन, त्यावर सदरा, त्यावर स्वेटर असे तीन थर जास्त ऊब देतात. दोन थरांच्या मधली हवासुद्धा पांघरुणाचं काम करते. थर सैलसर हवेत. अंगाला आवळून बसणारे दोन स्वेटर एकावर एक चढवले, तर मधे हवा राहत नाही आणि हातही नीट हलत नाहीत. थरांचा आणखी एक फायदा म्हणजे दारं धरताना, फावडं मारताना अंग तापलं की वरचा थर काढून ठेवता येतो. घाम येऊ द्यायचा नाही, कारण पुढची सगळी थंडी त्या घामातून येते.

आपल्याकडे खरी गडबड इथेच होते. सुती कपडा उन्हाळ्यात सोन्यासारखा, पण हिवाळ्यात रानात तो दगा देतो. सूत पाणी पिऊन घेतं आणि लवकर वाळत नाही. घामाने किंवा दवाने ओला झालेला सदरा अंगाला चिकटला, की कपड्यात धरलेली हवा जाते आणि तिच्या जागी पाणी येतं. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. त्यामुळे पारा 10 अंशांवर असला तरी भिजलेल्या माणसाला त्याच्याहून कितीतरी जास्त गारठा सोसावा लागतो. घरात झोपायला गोधडीसारखं पांघरूण नाही, पण दव पडत असताना तीच गोधडी बांधावर घेऊन बसलं तर तासाभरात ती जड आणि गार होते.

जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून रानात जाताना खांद्यावर घोंगडी असायची. आपली घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. धनगरांनी कातरलेली लोकर, सणगरांनी मागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ द्यायची, अशी तिची रीत. ती टोचते, नवी असताना वासही येतो, म्हणून तरुण पोरं नाक मुरडतात. पण लोकरीचा गुण असा, की स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल ती तंतूत मुरवून घेते आणि तरीही हाताला फार ओली लागत नाही. लोकरीचे तंतू कुरळे असतात. ओल लागली तरी ते पूर्ण दबत नाहीत, थोडीफार हवा धरूनच ठेवतात. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली, की डोकं, कान, मान आणि पाठ एकाच कपड्यात झाकली जाते. टोचत असेल तर आत पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विषय संपला. घरात माळ्यावर आजोबांची घोंगडी पडून असेल, तर ती उन्हात टाकून झटकून बाहेर काढायला हरकत नाही.

घोंगडी घेऊन फावडं मारता येत नाही, हेही खरं. कामाला स्वेटरच लागतो. थंडीत शहराच्या ठिकाणी तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरचे बाजार लागतात, आठवडे बाजारातही ढीग असतात. यातला स्वस्त माल बहुतेक ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा असतो. तो वाईट नाही. हलका असतो, धुवायला सोपा आणि लवकर वाळतो. फक्त लोकर म्हणून लोकरीचा भाव देऊ नये. संशय आला तर घरी आल्यावर स्वेटरच्या आतला एक सुटा धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि चुरगळणारी राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते.

हीच वितळणारी गोळी शेकोटीपाशी धोक्याची ठरते. ॲक्रिलिकचा स्वेटर किंवा नायलॉनचं जर्किन पेटलं, तर ते वितळून कातडीला चिकटतं. शेकोटीला बसताना अशा कपड्यांनी दोन हात लांबच बसावं. आणि मोटारीच्या खोलीत दार लावून घमेल्यात निखारे ठेवणं तर अजिबात नको. धूर दिसला नाही तरी निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो, त्याला वासही नसतो. माणूस झोपेतच जाऊ शकतो.

पहाटे डेअरीला दूध घालायला मोटारसायकलवर जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे थंडीपेक्षा वारा जास्त मारतो. पारा 8 अंशांवर असताना गाडी ताशी 50 किलोमीटरने चालवली, तर उघड्या कातडीला थंडी 3 अंशांसारखी लागते. स्वेटर कितीही चांगला असला तरी त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. त्यावर वारा अडवणारं काहीतरी हवंच. त्यासाठी नवीन खरेदीची गरज नाही, पावसाळ्यातला रेनकोट स्वेटरवर चढवला तरी काम भागतं. काही जण छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवून वरून चेन लावतात, तेही चालतं. मात्र रेनकोट गाडीपुरताच. तो घालून फावडं मारलं तर घाम आतच कोंडतो आणि पुन्हा भिजायची वेळ येते.

कांदा लागवडीच्या बाया सकाळी सातलाच वाफ्यात उतरतात. गार चिखलात पाय, चिखलात हात, आणि साडीचा काठ भिजून पोटरीला लागलेला. त्यांच्यासाठी साडीवरून घरच्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल ही सोय जुनीच आहे आणि ती चांगली आहे. आतून लेगिंग किंवा सलवार घालावी, काठ वर खोचून घ्यावा. मालकाने पहिला तास बांधावरचं काम देऊन ऊन चढल्यावर लागवड सुरू केली, तर स्वेटरपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

पाणी भरणाऱ्याने गमबूट घालावेत, आणि ते एक नंबर मोठे घ्यावेत. आत लोकरीचे मोजे बसले पाहिजेत. घट्ट बुटात पायाचं रक्त नीट फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. मधुमेह असलेल्यांना पायाची जाणीव आधीच कमी असते, त्यांनी घरी आल्यावर पाय उजेडात बघून, पुसून कोरडे करावेत. बधिर पाय थेट शेकोटीवर धरू नयेत, भाजलेलं कळत नाही.

कानाला मफलरपेक्षा कानटोपी बरी. मफलर घ्यायचाच असेल तर दोन्ही टोकं स्वेटरच्या आत खोचावीत. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, मोटारीचा पट्टा किंवा गाडीचं चाक, लोंबतं टोक कशातही अडकू शकतं. ओढणी आणि पदरालाही हाच नियम. हातमोजे ओले झाले असतील तर स्टार्टरला हात लावण्याआधी ते काढून हात कोरडे करावेत.

मोटारीच्या खोलीत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा बनियन, सदरा आणि मोजे कायम ठेवावेत. थंडी वाजते म्हणून दारूचा घोट घेणं उलटं पडतं. दारूने कातडीकडे रक्त जास्त येतं, गरम वाटतं, पण अंगातली ऊब बाहेर निघून जाते.

हुडहुडी भरणं म्हणजे अंग अजून झुंज देतंय. पण बोलणं जड झालं, बटण लावता येईना, माणूस भलतंच बोलायला लागला, किंवा कुडकुडत होता तो एकदम शांत आणि सुस्त झाला, तर अंगाचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलेलं असू शकतं. अशा वेळी ओले कपडे काढून कोरड्या कपड्यात, घोंगडीत गुंडाळावं आणि वाऱ्यापासून आडोशाला न्यावं. हातपाय चोळू नयेत. शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच गरम गोड चहा द्यावा. 108 ला फोन लावावा. रात्री मळ्याचा रस्ता ॲम्ब्युलन्सला सापडत नाही, म्हणून एकाने बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभं राहावं.