शाळेच्या फाटकापाशी बंदूक : बंदी घालायची कुणी?

मंडळी, शाळेत बंदूक आणू नये, यावर वाद घालणारा माणूस सापडणं कठीण. पण ही बंदी घालायची कुणी? आज आपण अमेरिकेतल्या एका खटल्यावरून हे समजून घेऊ.

1990 साली तिथल्या संसदेने शाळेपासून 1000 फुटांच्या आत बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा ठरवला. 1992 मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात बारावीतला एक मुलगा पिस्तूल घेऊन शाळेत आला आणि पकडला गेला. हाच तो लोपेझ खटला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो कायदाच रद्द केला!

का? शाळेत बंदूक चालेल म्हणून नव्हे. शाळा आणि गुन्हे हे तिथे मुख्यतः राज्यांचे विषय. केंद्राने आधार घेतला होता आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा. सरकारचं म्हणणं असं, की शाळेत भीती असली तर मुलं नीट शिकणार नाहीत आणि त्याचा फटका अर्थव्यवस्थेला बसेल. न्यायालय म्हणालं, इतकं ताणलं तर कुठलीही गोष्ट व्यापारात बसवता येईल.

मग 1996 मध्ये कायदा सुधारून आला. आता बंदुकीचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध दाखवावा लागतो. पण बहुतेक बंदुका कधी ना कधी राज्याची हद्द ओलांडून आलेल्या असतातच. शिवाय, त्या राज्याने तपासणी करून परवाना दिलेल्या माणसाला या केंद्रीय बंदीतून सूट आहे. म्हणजे किल्ली पुन्हा राज्याच्याच हातात.

कॉलेजांचंही तसंच. टेक्सासने 2015 मध्ये कायदा केला आणि 1 ऑगस्ट 2016 पासून सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला लपवलेलं पिस्तूल बाळगता येऊ लागलं. विद्यापीठ काही जागा वगळू शकतं, सरसकट बंदी घालू शकत नाही. खासगी विद्यापीठांना मात्र नकाराची मुभा आहे.

आता आपल्याकडून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांचं बघू. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद. राज्याचा कायदा कितीही सैल असो, ही मनाई सुटत नाही. तेव्हा मित्राची बंदूक ‘जरा हातात घेऊन बघू’ म्हणणंही अंगाशी येऊ शकतं. मुलांना निरोप देताना एवढं जरूर सांगा.