कासव आणि हॅगफिश : खाऱ्या पाण्यातले दोन मार्ग

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या डोळ्यांतून पाणी ओघळताना दिसतं. ती रडत नसते. तिच्या रक्तापेक्षा समुद्र कितीतरी खारा, म्हणून अंगात गेलेलं जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथी बाहेर टाकतात. थंड, खोल समुद्रातल्या हॅगफिशला ही धडपड करावीच लागत नाही. त्याच्या रक्तातलं मीठच जवळपास समुद्राइतकं असतं!

शरीरांची ठेवणही दोन टोकांची. कासवाच्या बरगड्या आणि मणके जुळून पाठीची ढाल होते. हॅगफिशला कवटी आहे, पण बरगड्या नाहीत, जबडाही नाही. त्याचं संरक्षण म्हणजे चिकट स्राव. मोठ्या माशाने तोंडात धरलं की तो क्षणात इतका स्राव सोडतो की हल्लेखोराचे कल्ले तुंबतात. मग स्वतःच्याच अंगाची गाठ मारून, ती डोक्याकडे सरकवत तो अंग साफ करतो. निसर्गातल्या अत्यंत विलक्षण युक्त्यांपैकी ही एक.

कासवाला मात्र अंड्यांसाठी जमिनीवर यावंच लागतं, आणि तिथे त्याची ढाल अंडी वाचवू शकत नाही. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांसह घरटी राखली. किनाऱ्यावर घरटं आढळलं, तर हात न लावता वनविभागाला कळवा.