फाल्गुनातली घाटवाट

मार्च उजाडला की हिमालयातल्या वाटाड्यांची दिवसाची आखणी बदलते. रात्री गोठून कडक झालेल्या बर्फावरून पहाटे सरळ चालत जाता येते. तोच बर्फ दुपारी मऊ पडतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि उतारावरचे थर सुटून खाली येण्याची भीती वाढते. म्हणून चाल पहाटे, मुक्काम दुपारी. रत्नागिरी जिल्ह्यात बर्फ नाही. पण खेड तालुक्यातल्या रसाळगड, सुमारगड, महिपतगड या रांगेवर जाणाऱ्याला किंवा बिरमणीकडून हातलोटला चढणारी जुनी घाटवाट धरणाऱ्याला फाल्गुनात घड्याळ तितकेच सांभाळावे लागते. कारणे वेगळी आहेत. ती समजायला लागणारे भौतिकशास्त्र मात्र शाळेच्या पुस्तकातलेच आहे, म्हणून गडावर मुलांना नेणाऱ्या शिक्षकांसाठी ते इथे मांडत आहोत.

आधी बर्फ आणि कातळ यांची तुलना करू. ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक ऊन परतवून लावतो. उरलेल्या उष्णतेने तो वितळू लागतो, पण एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात आणि तोवर त्याचे तापमान शून्य अंशाच्या वर जात नाही. आपल्याकडचा जांभ्याचा सडा नेमका उलटा. वरचा काळपट पापुद्रा बहुतेक ऊन शोषून घेतो. पावसाळ्यात इथे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो खरा, पण सच्छिद्र जांभ्यातून तो झिरपून निघून जातो आणि मार्चमध्ये सड्यावर बाष्पीभवन होण्याजोगे काहीच शिल्लक नसते. मग शोषलेली सगळी उष्णता कातळाचे तापमान वाढवण्यातच खर्ची पडते. दुपारी तो ५० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. सड्यावर अनवाणी चाललेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

आता वारा. समुद्रकाठी राहणाऱ्यांचा समज असतो की कोकणात खारा वारा सुटतो, तेव्हा उन्हाचे एवढे भय नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हा समज फसवा ठरतो. या दिवसांत पुष्कळदा देशावरून पूर्वेचा कोरडा वारा सह्याद्री ओलांडून खाली उतरतो. हवा खाली उतरते तेव्हा वाढत्या दाबाने ती आकुंचन पावते आणि तापते. सायकलच्या पंपाचे खालचे टोक गरम होते, तोच हा प्रकार. कोरड्या हवेत हे प्रमाण दर १०० मीटरला सुमारे १ अंश असते. घाटमाथ्यावर, ७०० मीटर उंचीवर, हवा ३० अंशांची असेल तर किनाऱ्याच्या पातळीला येईतो ती ३७ अंशांची होते. आणि किनारी ठिकाणी कमाल तापमान निदान ३७ अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून जास्त असेल, तर भारतीय हवामान खाते ती उष्णतेची लाट धरते. कोकणासाठी असे इशारे २०२३ आणि २०२५ मध्ये चक्क फेब्रुवारीतच द्यावे लागले होते.

पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राकडून येणारा वारा अडून राहतो. एरवी तो सकाळी उशिरा सुटतो, अशा दिवशी दुपार उलटते. शिवाय खेड, चिपळूणसारखी आतली गावे आणि त्यांच्याही पलीकडचा घाटाचा पायथा इथे तो पोहोचेपर्यंत त्यातला गारवा बराच संपलेला असतो. रत्नागिरी शहरातले तापमान पाहून सुमारगडाची आखणी करू नये ती यासाठीच.

चढणाऱ्याच्या शरीराचा हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. समजा, ६० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी ७०० मीटर चढला. त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य ६० × ९.८ × ७००, म्हणजे सुमारे ४ लाख १२ हजार ज्यूल. आपले स्नायू घेतलेल्या ऊर्जेच्या साधारण पाचव्या भागाचेच कार्यात रूपांतर करतात, बाकीच्या चार भागांची उष्णता होते. ती झाली सुमारे साडेसोळा लाख ज्यूल. हवा अंगाइतकीच गरम असेल तर ही उष्णता बाहेर टाकायला घामाखेरीज दुसरा मार्ग नाही. एक ग्रॅम घाम वाळताना जवळजवळ २४०० ज्यूल घेऊन जातो, म्हणजे निव्वळ चढण्यापायी ७०० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. यात उन्हाचा ताप धरलेला नाही, की न वाळताच निथळून गेलेला घामही नाही. चढ-उतार मिळून माणशी अर्ध्या लिटरची बाटली नेणाऱ्या सहली आम्ही पाहतो, तेव्हा हा गुणाकार आठवतो. तीन लिटर हे आमच्या मते कमीत कमी.

घाम वाळणे हवेतल्या बाष्पावर अवलंबून असते. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यात तो इतका लगेच वाळतो की मुले म्हणतात, घाम येतच नाही. पाणी तर जातच असते. उलट खारा वारा आला की पारा उतरतो, पण घाम वाळेनासा होतो आणि जीव अधिकच घाबरा होतो. दोन तापमापक घेऊन एकाच्या फुग्यावर ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही वाऱ्यांत नोंदी घ्या. ओल्या तापमापकाचा आकडाच चढणाऱ्याला जास्त कळीचा. मूल असंबद्ध बोलू लागले, त्याचा तोल जाऊ लागला, तर गड राहू द्यावा. त्याला सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्याची वाट धरावी.

पायाखालची गोष्ट निराळी. पावसाळ्यात चिखल असला तरी ओल्या मातीचे कण पाण्याच्या पृष्ठताणाने एकमेकांना धरून असतात. फाल्गुनात हे बंध सुटतात आणि कठीण उतारावर बारीक मुरूम मोकळा पसरतो. यालाच आपण घसारा म्हणतो. एक पाट घ्या, त्यावर रबरी चप्पल ठेवून पाट हळूहळू तिरपा करा आणि चप्पल कोणत्या कोनाला सुटते ते मोजा. मग पाटावर मूठभर मोहरी पसरून तेच करा. कोन किती घटतो ते मुलांनीच पाहावे. घसाऱ्यावर बुटाचा तळ कितीही खाचांचा असो, तो मोहरीवरच उभा असतो. चढताना हे जाणवत नाही. सांध्यांवरचा भार वाढतो आणि पाय थकतात ते उतरताना. वाळून उताराच्या दिशेने आडवे झालेले गवत तर त्याहून निसरडे.

या गवताचे खरे भय मात्र आगीचे आहे. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी वणव्यात सापडून २० हून अधिक पदभ्रमण करणारे प्राणास मुकले. आपल्याकडे याच दिवसांत भाजावळ चालते आणि एखादी ठिणगी डोंगराला लागते. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून वाळवून ठेवतात. उतार १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, चढणाऱ्या माणसाचा मात्र निम्मा. म्हणून धूर खालून येत असेल तर वर पळू नये. आडवे जाऊन उघडा कातळ किंवा आधीच जळून गेलेली जागा गाठावी.

सावलीवरही फार विसंबू नये. पाणी वाचवण्यासाठी कित्येक झाडांनी पाने टाकलेली असतात. पांगारा आणि काटेसावर फुलांनी लाल दिसतात, पण त्यांच्याखाली बसून ऊन काही चुकत नाही. दाट सावली उरते ती देवराईत आणि ओढ्याकाठच्या सदाहरित झाडांची.

पाण्याचे म्हणाल तर गडांवरची कातळात खोदलेली टाकी या दिवसांत उपयोगी पडतात. बेसॉल्टचा घट्ट थर पाणी झिरपू देत नाही, आणि टाके खोल व तोंड लहान असले की बाष्पीभवनही थोडे. रसाळगडावर अशी टाकी आहेत. पण कोणत्या टाक्यातले पाणी यंदा पिण्याजोगे आहे हे पुस्तकात मिळत नाही. ते आदल्या दिवशी पायथ्याच्या वाडीत विचारावे, आणि तिथूनच पहाटे पाचला निघावे, म्हणजे नऊ-दहाच्या आत माथा गाठता येतो.