नंबर वाचा, लेबल चिकटवू नका!

मित्रांनो, लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर टाकलं आणि सुरू करताना 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' असं उमटलं, की आपण काय करतो? ज्याला लिनक्स येतं त्या मित्राला फोन! मीही तेच केलं, आणि फसले. म्हणून हा लेख. (इंग्लिश मीडियमवाली आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. कमांड्स इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना इंग्लिशच्या छोट्या अक्षरांत करा.)

झालं असं, की आमचा प्रोजेक्ट चाकणजवळच्या एका छोट्या वर्कशॉपचा. भिंतीवरच्या मोटरचा ब्रॅकेट १० मिमी पट्टीचा आहे. मालक, म्हणजे आमचे काका, विचारत होते, "८ मिमीची चालेल का?" त्या मोटरखाली दिवसभर माणूस उभा राहून काम करतो. म्हणजे उत्तर चुकून चालणार नव्हतं.

हिशोबासाठी कॅल्क्युलिक्स निवडलं. म्युनिकच्या एमटीयू एअरो इंजिन्समधल्या इंजिनियर्सनी लिहिलेलं हे खुलं आणि फुकट सॉफ्टवेअर. सीनियरच्या पेन ड्राइव्हवर त्याची जुनी तयार फाइल होती. ती चालवली आणि मेसेज आला: 'लिबजीफोरट्रान.एसओ.३' सापडत नाही.

याचा अर्थ काय? प्रत्येक प्रोग्रॅम सगळं सामान स्वतःबरोबर आणत नाही. नेहमीची कामं करणारा कोड शेअर्ड लायब्ररीत असतो आणि अनेक प्रोग्रॅम तोच वापरतात. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर नावाचा भाग या लायब्रऱ्या शोधून जोडतो. 'एसओ' म्हणजे शेअर्ड ऑब्जेक्ट, आणि शेवटचा ३ हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. जुन्या प्रोग्रॅम्सना बसणार नाही असा बदल लायब्ररीत झाला, की तो आकडा वाढतो. या लायब्ररीत २०१७ च्या जीसीसी ७ बरोबर ३ चे ४ झाले, २०१८ च्या जीसीसी ८ बरोबर ५.

माझ्या मशीनवर ५ होती. मित्र म्हणाला, "अगं सोप्पंय, ५ ला सॉफ्ट लिंक कर आणि लिंकचं नाव ३ ठेव." केलं. आता वेगळाच मेसेज: 'जीफोरट्रान १.०' व्हर्जन सापडत नाही. डोकं बंद!

शनिवारी वर्कशॉपला गेले. काकांनी स्टोअरमधून ६२०४ बेअरिंग आणायला सांगितलं, मी घाईत ६२०३ आणलं. काका हसले. "अगं इंजिनियर, शाफ्ट २० मिमीचा, याचं भोक १७ चं. बॉक्सवर ६२०४ लिहिलं तर शाफ्ट जाईल का आत?"

आणि ट्यूब पेटली! सॉफ्ट लिंक करून मी बॉक्सवर खोटं लेबलच चिकटवलं होतं. माझं नशीब चांगलं, या लायब्ररीच्या आतही व्हर्जनची खूण असते म्हणून लोडरने पकडलं. अशी खूण सगळ्याच लायब्रऱ्यांत नसते. तिथे प्रोग्रॅम मध्येच कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे निमूटपणे चुकीचं उत्तर देतो.

मग बरोबर मार्ग कोणता? आधी 'एलडीडी' आणि पुढे प्रोग्रॅमचा पत्ता द्या. सगळ्या लायब्रऱ्यांची यादी येते. जिच्यापुढे 'नॉट फाउंड' ती हरवलेली. पुढे तीन शक्यता:

१. लायब्ररी मशीनवर नाहीच. उबुंटूवर 'ॲप्ट-फाइल सर्च' आणि फाइलचं नाव दिलं, की ती कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते कळतं. ते पॅकेज टाका.

२. आहे, पण लोडर बघत नाही अशा फोल्डरमध्ये. तो फोल्डर 'एलडी लायब्ररी पाथ' या व्हेरिएबलमध्ये द्या (याची मात्र अक्षरं मोठी, मध्ये अंडरस्कोअर). कायमचं हवं तर लोडरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहून 'एलडीकॉन्फिग' चालवा.

३. आहे, पण आकडा वेगळा. इथे लिंक करू नका! आपल्या लिनक्ससाठी बनवलेला प्रोग्रॅम घ्या, नाहीतर सोर्सवरून कंपाइल करा.

एक लक्षात ठेवा, नंबर तोच असेल तर बनवणारा वेगळा चालतो. ६२०४ चिंचवडच्या एसकेएफचं असो की दुसऱ्या कंपनीचं, माप तेच. तसंच 'लिबब्लास.एसओ.३' मूळ ब्लासची असो की ओपनब्लासची, प्रोग्रॅमला दोन्ही बसतात.

माझी केस तिसरी. लिंक पुसली, जुनी फाइल पुसली आणि उबुंटूचंच 'कॅल्क्युलिक्स-सीसीएक्स' पॅकेज टाकलं. लागणाऱ्या लायब्रऱ्या आपोआप आल्या. दोन दिवसांचं काम पाच मिनिटांत!

पण आता लगेच विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवलं होतं. आधी उत्तर माहीत असलेलं गणित दिलं: २०० मिमी लांब, २० मिमी रुंद, १० मिमी जाड स्टीलची पट्टी, एक टोक पक्कं, दुसऱ्यावर १०० न्यूटन. एसओएमच्या सूत्राने वाक ०.८ मिमी. कॅल्क्युलिक्सचं उत्तर जुळलं, तेव्हाच ब्रॅकेटला हात लावला.

८ मिमी पट्टीत वाक जवळजवळ दुप्पट निघाला. काकांना दाखवलं. ते म्हणाले, "राहू दे मग दहाचीच."

तर मंडळी, एरर आला की घाबरू नका, आधी नंबर वाचा. आणि लिनक्सची सुरुवातच करायची असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. बघाच!