शारीरिक शिक्षण : खेळ की अभ्यास?

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या विषयनिवडीचा प्रश्न घरोघरी उभा राहतो. गणित, जीवशास्त्र, वाणिज्य यांविषयी वडीलधाऱ्यांची मते ठाम असतात. पाचव्या विषयापाशी मात्र घोडे अडते. मुलाने वा मुलीने 'शारीरिक शिक्षण घेऊ का?' असे विचारले, की बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, 'खेळायला विषय कशाला हवा?' आणि दुसरे, 'घे, गुण आयते मिळतील.' आमच्या मते ही दोन्ही उत्तरे विषयाच्या अपरिचयातून आलेली असतात.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत या विषयाची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. म्हणजे मैदान गाजवणाऱ्यासही गुणांचा मोठा वाटा लेखणीनेच मिळवावा लागतो. अभ्यासक्रमात सामन्यांचे नियोजन, आहार, योग, शरीरक्रियाशास्त्र, क्रीडा-मानसशास्त्र आणि खेळातील दुखापती हे विषय येतात. न्यूटनचे गतिनियम धावपटूच्या पावलांत शोधावे लागतात. सपाट तळवा किंवा पाठीचे कुबड यांवर कोणते व्यायाम उपयोगी, हेही शिकावे लागते. उलट, प्रात्यक्षिकात क्षमता-चाचणी, योगासने, एखाद्या खेळातील कौशल्य, नोंदवही व तोंडी परीक्षा यांची विभागणी असते. तेथे केवळ पाठांतर कामास येत नाही.

पुढील वाटेचा विचारही आताच व्हावा. फिजिओथेरपीकडे जाण्याची इच्छा असेल, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांवाचून गत्यंतर नाही; शारीरिक शिक्षण त्यांची जागा घेऊ शकत नाही, सोबत मात्र करू शकते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी होणाऱ्या सामायिक प्रवेश परीक्षेत या विषयाचा समावेश झाला. तथापि इच्छित अभ्यासक्रमास कोणते विषय चालतात, हे त्या विद्यापीठाच्या नियमांत आधीच पाहून घ्यावे.

आपल्या ग्वाल्हेरकरांना तर हा विषय परका वाटू नये. ज्या नगरीत राणी लक्ष्मीबाईंनी देह ठेवला, तेथेच १९५७ साली, सत्तावनच्या समराच्या शताब्दीवर्षी, त्यांच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले आणि १९९५ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इतक्या जवळ विद्यापीठ असूनही 'यात पुढे काय आहे?' असे आम्ही विचारावे, हे नवलच! मुलीने हा विषय मागितला की आवाज अधिकच चढतो. वस्तुतः आहार, शरीराची ठेवण आणि मनःस्वास्थ्य यांचे ज्ञान तिला मुलाइतकेच आवश्यक आहे.

मग निर्णय कसा करावा? आम्ही एक साधा उपाय सुचवितो. बारावीचे पाठ्यपुस्तक आणून त्यातील शरीरक्रियाशास्त्राचे प्रकरण पाल्यास वाचू द्यावे. धाप का लागते, स्नायू का थकतो, हे वाचताना त्याचे कुतूहल जागे झाले, तर विषय खुशाल द्यावा; तो पट्टीचा खेळाडू नसला तरी बिघडत नाही. निव्वळ खेळण्याचीच हौस असेल, तर त्यासाठी विषय बदलण्याचे कारण नाही. त्याला रोज संध्याकाळी मैदानावर जाऊ दिले म्हणजे पुरे. तो तास मात्र शिकवणीच्या नावाखाली कोणी हिरावून घेऊ नये.