आडवा छेद आणि उभा छेद

जीवशास्त्राच्या तासाला आपण तेरड्याच्या खोडाचा आडवा छेद घेतो. ब्लेडने पातळ चकती कापायची, काचपट्टीवर ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायची. वाहक नळ्या कोठे आहेत, किती आहेत, हे लगेच दिसते. पण त्या नळ्यांतून पाणी वर चढते की खाली उतरते, हे चकती सांगत नाही. त्यासाठी तेरड्याचे रोप लाल शाईच्या पाण्यात उभे करून वाट पाहावी लागते.

वैद्यकीय संशोधनातही असा आडवा छेद घेतात. ठरावीक काळात माणसांच्या एका गटाला गाठायचे, प्रत्येकाला एकदाच प्रश्न विचारायचे किंवा तपासायचे, आणि कोणाला काय आहे ते मोजायचे. याला आपण छेदीय पाहणी म्हणू. तिला वेळ आणि पैसा कमी लागतो. म्हणून आरोग्याविषयीच्या कितीतरी बातम्या अशा पाहण्यांतून आलेल्या असतात. या पाहण्या उपयोगाच्या आहेतच. फक्त त्या काय सांगू शकतात आणि काय नाही, हे कळले पाहिजे. दोन उदाहरणे घेऊ.

शाळा आणि तंबाखू

२०१९ साली भारतात जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची चौथी फेरी झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती पार पाडली. १३ ते १५ वयाच्या ८० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची उत्तरे त्यात आहेत. गेल्या ३० दिवसांत कोणत्याही रूपात तंबाखू वापरली, असे ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. म्हणजे साधारण बारा मुलांत एक. २००९ च्या फेरीत हेच प्रमाण १४.६ टक्के होते.

आता या आकड्यांना प्रश्न विचारू. पहिला प्रश्न : या छेदात कोण नाही? शाळा सोडलेला, हॉटेलात कपबशा विसळणारा किंवा वीटभट्टीवर राबणारा चौदा वर्षांचा मुलगा यात नाही. त्या दिवशी गैरहजर असलेलेही नाहीत. म्हणून ८.५ टक्के हा आकडा शाळेत बसलेल्या मुलांपुरता खरा मानायचा.

दुसरा प्रश्न : मुले खरे बोलली का? आमच्या परिचयातील एका शिक्षकांनी भर वर्गात विचारले, “बिडी-सिगारेट कोणी ओढली आहे? हात वर करा.” एकही हात वर आला नाही. अहवालात ‘निरंक’ अशी नोंद झाली. शाळेच्या मागच्या भिंतीशी थोटके मात्र रोज सापडत होती. राष्ट्रीय सर्वेक्षणात उत्तरपत्रिकेवर नाव घेत नाहीत, ते याचसाठी.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : आधी काय आणि नंतर काय? समजा, एखाद्या पाहणीत दिसले की सिगारेट ओढणाऱ्या मुलांत उदास राहणारी मुले जास्त आहेत. सिगारेटमुळे उदासी आली, की उदास मुलगा सिगारेटकडे वळला? की घरातल्या रोजच्या भांडणांमुळे दोन्ही गोष्टी घडल्या? तिन्ही शक्यतांत छेद अगदी सारखाच दिसेल. आपण घाईने पहिली शक्यता धरली, तर मुलाला शिक्षा करू आणि त्याच्या घरी काय चालले आहे ते विचारायचे राहून जाईल.

काही बाबतींत मात्र हा पेच पडत नाही. सिगारेट ओढल्याने कोणाचे जन्मवर्ष किंवा रक्तगट बदलत नाही. जोडीतील एक गोष्ट अशी आधीच ठरलेली असेल, तर निदान दिशा उलटी असण्याची भीती नसते. पण तेवढ्याने सारे प्रश्न सुटतात का? दुसरे उदाहरण पाहू.

रक्ताच्या पिशव्या

थॅलॅसेमिया हा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या तीव्र प्रकारात शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, तेही जन्मभर. या रक्तावरच मूल जगते, पण त्यातून गुंतागुंतही होते. रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. शरीरातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. वर्षाला २० पिशव्या घेतल्या तर ४ ते ५ ग्रॅम लोह आत येईल. निरोगी प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात ३ ते ४ ग्रॅमच असते! हे जादा लोह यकृत, हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठते. म्हणून लोह बाहेर काढणारी औषधे नियमित घ्यावी लागतात.

दुसरा धोका संसर्गाचा. हिपॅटायटिस सी या यकृतदाहाचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. भारतात दात्याच्या रक्ताची त्यासाठी चाचणी करणे २००१ पासून सक्तीचे झाले.

आता कल्पना करा : २०१० साली एका केंद्रातील सर्व थॅलॅसेमियाग्रस्त मुले एकदाच तपासली. ज्यांनी जास्त पिशव्या घेतल्या, त्यांच्यात हा संसर्ग जास्त आढळला. येथे दिशेचा गोंधळ नाही. रक्त आधी, संसर्ग नंतर. मग ‘जितके जास्त रक्त, तितका जास्त धोका’ असा निष्कर्ष काढावा का? थांबा. जास्त पिशव्या कोणी घेतल्या? वयाने मोठ्या मुलांनी. आणि मोठ्या मुलांनी २००१ पूर्वीचे, चाचणी न झालेले रक्तही घेतलेले आहे. धोका पिशव्यांच्या संख्येतून आला की त्या वर्षांतून? नुसत्या पिशव्या मोजून हे कळणार नाही. २००१ पूर्वी आणि नंतर जन्मलेली मुले वेगळी काढून पाहावी लागतील.

आणखी एक गोष्ट. त्या केंद्रातील पंचविशीचे रुग्ण म्हणजे तोवर जगलेले रुग्ण. ज्यांच्या हृदयात लोह फार साठले, त्यांतील काही त्याआधीच गेलेले असतात. त्यामुळे मोठ्या वयाच्या गटात हृदयाचा त्रास आहे त्यापेक्षा कमी भासू शकतो. शाळा सोडलेला मुलगा तंबाखूच्या आकड्यात नव्हता, तसेच हे.

यात केवळ आकड्यांचा प्रश्न नाही. अर्धवट बातमी वाचून एखाद्या पालकाने ‘रक्त कमी दिलेले बरे’ म्हणून एक-दोन पाळ्या चुकवल्या, तर मुलाचे हिमोग्लोबिन उतरते, वाढ खुंटते, हृदयावर ताण येतो. खरा धडा वेगळा आहे : तपासलेले रक्त आणि लोह काढणारी औषधे, दोन्ही वेळेवर मिळाली पाहिजेत.

उभा छेद

आधी-नंतरचा पेच सोडवायचा तर त्याच माणसांच्या मागे वर्षानुवर्षे राहावे लागते. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठवली. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यांतील पुरुष डॉक्टरांचा मागोवा २००१ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे घेतला गेला. सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले. तिशीत सिगारेट सोडलेल्यांचे हे नुकसान जवळजवळ पूर्ण टळले. हा झाला उभा छेद, म्हणजेच शाईच्या पाण्यात उभे केलेले रोप.

शाळेत करून पाहा

लाजिरवाण्या प्रश्नाला खरे उत्तर कसे मिळवावे? संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली एक युक्ती सुचवली. तिचा सोपा प्रकार असा. प्रश्न निरुपद्रवी घ्या : ‘या आठवड्यात दुसऱ्याच्या वहीतून गृहपाठ उतरवला का?’ प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणे उडवायचे. छाप आला तर डोळे मिटून ‘हो’ लिहायचे. काटा आला तर खरे उत्तर लिहायचे. चिठ्ठीवर नाव नाही. ‘हो’ लिहिणारा पकडला जाऊच शकत नाही. त्याला छाप आला असेल!

शाळेतील ४०० मुलांत समजा २६० ‘हो’ आले. त्यांतील सुमारे २०० छापाचे. उरलेले ६० हे काटा आलेल्या २०० मुलांपैकी. म्हणजे अंदाज ३० टक्के. पण छाप नेमके २०० येतील असे नाही. ते १८० आले असतील तर उत्तर ३६ टक्के, २२० आले असतील तर २२ टक्के. हे हिशेब मुलांकडूनच करून घ्या. चाळीस जणांच्या एका वर्गात हा अंदाज का भरवशाचा नाही, हेही त्यांनाच शोधू द्या.

आणि पुढच्या वेळी ‘संशोधकांना आढळले’ अशी बातमी आली, की ती फळ्यावर लिहा. माणसे किती वेळा तपासली, कोण तपासायचे राहून गेले, आधी काय घडले, एवढे तरी मुलांना विचारू द्या.